विमानतळावरील सुरक्षा तपासणी : कोणता निर्णय कोणाच्या हाती

विमानाने वारंवार प्रवास करणाऱ्या मराठी प्रवाशांकडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत विचारला जातो. पुण्याहून जाताना जी वस्तू कोणी हातही न लावता सोडली, तीच परतीच्या प्रवासात दुसऱ्या विमानतळावर काढून ठेवायला का लावली गेली, आणि अशा वेळी प्रवाशाला काही म्हणण्याचा अधिकार असतो की नाही? या गोंधळाचे मूळ बहुधा नियमांच्या कडकपणात नसते. विमानतळावर एकाच रांगेत उभे असल्यासारखे भासणारे तीन-चार स्वतंत्र अधिकारी प्रत्यक्षात वेगवेगळ्या कायद्यांखाली काम करत असतात आणि एकाच्या अखत्यारीतला प्रश्न दुसऱ्यासमोर मांडला गेला की उत्तर मिळत नाही, वाद मात्र वाढतो. म्हणून पुढील मार्गदर्शनात कोणती वस्तू चालते याच्या जोडीने तिच्याविषयीचा निर्णय कोण घेतो, हेही शक्य तेथे सांगितले आहे.

अधिकारांची वाटणी

भारतातील विमानतळांवर सुरक्षेचे नियम ठरवण्याचे काम नागरी विमान सुरक्षा ब्युरो, म्हणजे बीसीएएस, ही केंद्र सरकारची संस्था करते. सप्टेंबर १९७६ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाल्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये तिची स्थापना झाली आणि १९८५ च्या ‘कनिष्क’ विमानातील स्फोटानंतर, १ एप्रिल १९८७ रोजी, तिला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला. हे नियम प्रत्यक्ष राबवणारे गणवेशातील जवान मुंबई, पुणे, नागपूर आणि गोव्यातील दोन्ही विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, म्हणजे सीआयएसएफचे असतात. डिसेंबर १९९९ च्या कंदाहार अपहरणानंतर हे काम टप्प्याटप्प्याने या दलाकडे सोपवण्यात आले आणि फेब्रुवारी २००० मध्ये जयपूर विमानतळापासून त्याची सुरुवात झाली. देशातील काही लहान विमानतळांवर आजही राज्य पोलीस ही जबाबदारी सांभाळतात.

प्रवाशाच्या दृष्टीने या वाटणीचा व्यावहारिक अर्थ असा :

- विमान कंपनी सामानाचे वजन व आकार, चेक-इन सामानातील धोकादायक पदार्थ आणि मोठ्या बॅटरीची परवानगी यांविषयी निर्णय घेते.
- सीआयएसएफ प्रवाशाची, त्याच्या अंगावरील व हातातील सामानाची तपासणी करून ते पुढे जाऊ द्यायचे की नाही हे ठरवते.
- सीमाशुल्क विभाग म्हणजे कस्टम्स, परदेशी जाता-येताना नेलेल्या किंवा आणलेल्या सोन्याचा, मौल्यवान वस्तूंचा व मालाचा विचार करतो. सुरक्षा तपासणीशी त्याचा थेट संबंध नसतो.
- इमिग्रेशन केवळ पासपोर्ट, व्हिसा आणि देशाबाहेर जाण्याचा अधिकार पाहते.

‘काउंटरवर तर चालेल म्हणाले होते’ हा युक्तिवाद तपासणीच्या ठिकाणी टिकत नाही, तो याच कारणाने. काउंटरवरील कर्मचाऱ्याने बॅगेचे वजन मान्य केलेले असते. बॅगेच्या आतील वस्तू त्याने पाहिलेली नसते आणि ती पाहण्याचा अधिकारही त्याच्याकडे नसतो.

घरून निघण्यापूर्वी

ओळखपत्राविषयी फारशी अडचण येत नाही. देशांतर्गत प्रवासासाठी पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, आधार अथवा मोबाइलमधील एम-आधार, पॅन कार्ड, वाहन परवाना, नोकरीचे किंवा शिक्षणसंस्थेचे छायाचित्र असलेले ओळखपत्र, पेन्शनधारकाचे अथवा दिव्यांग व्यक्तीचे ओळखपत्र यांपैकी एक पुरेसे असते, आणि ओळखपत्र असलेल्या पालकांसोबत जाणाऱ्या अल्पवयीन मुलासाठी वेगळ्या ओळखपत्राची सक्ती नसते. मात्र आधार कार्डाचा मोबाइलमध्ये काढलेला फोटो म्हणजे एम-आधार नव्हे, हे प्रवेशद्वारावरच्या अनेक वादांचे मूळ आहे. तिकिटावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव जुळते का, हे तिकीट काढतानाच पाहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत ही तफावत वारंवार आढळते आणि ती दुरुस्त करण्याचे काम विमान कंपनीचे असल्याने दारावरील जवानाला त्यात काही करता येत नाही.

हातातील बॅग एकच असावी हा बीसीएएसचा नियम आहे. स्त्रियांची पर्स, लॅपटॉपची पिशवी, लहान बाळाचे आवश्यक सामान अशा मोजक्या गोष्टींना त्यातून सवलत मिळत आली आहे. बहुतेक भारतीय कंपन्यांच्या इकॉनॉमी वर्गात या बॅगेला ७ किलोची मर्यादा असते आणि तिची लांबी, रुंदी व उंची मिळून ११५ सेंटिमीटरपेक्षा अधिक असू नये अशी अपेक्षा असते.

याहून महत्त्वाची पण हमखास दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे बॅग भरण्यापूर्वी ती पूर्ण रिकामी करणे. नेहमीच्या प्रवाशाची बॅग सहसा कधीच पूर्ण रिकामी होत नाही. मागच्या कामातला स्क्रू-ड्रायव्हर, कार्यालयातला कटर, सहलीला नेलेला सुरा अस्तराच्या खणात पडून राहतो. यातली सर्वांत गंभीर गोष्ट बंदुकीच्या काडतुसाची आहे. ज्या घरात परवान्याचे शस्त्र आहे, किंवा पोलीस वा सैन्यात कोणी आहे, तिथे बॅगेच्या कोपऱ्यात एखादे जिवंत काडतूस राहून जाते, आणि ते एक्स-रे यंत्रात दिसताच प्रवाशाला स्थानिक पोलिसांच्या ताब्यात देऊन शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा नोंदवला जातो. ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल प्रकरणात मांडले असून त्याच्या आधारे असे अनेक गुन्हे पुढे उच्च न्यायालयांनी रद्द केले आहेत. तरीही तोवर विमान चुकलेले असते, वकील करावा लागतो आणि महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात. घरातील कोणाची बॅग उसनी घेतली असेल, तर तिचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटकावा. काडतुसाची रिकामी पुंगळी अडकवलेला किल्ल्यांचा जुडगाही सोबत नेऊ नये.

पॉवर बँक आणि बॅटरी : हिशेब कसा करावा

लिथियमची सुटी बॅटरी, आणि पॉवर बँक ही कायद्याच्या दृष्टीने सुटी बॅटरीच असते, चेक-इन सामानात कधीही ठेवता येत नाही. अशी बॅटरी आतून बिघडली तर ती स्वतःच तापत जाऊन पेट घेते. केबिनमध्ये हे घडले तर धूर दिसतो व कर्मचारी पाण्याने ती थंड करू शकतात, तर विमानाच्या पोटातील मालकक्षात कोणाचाच हात पोहोचत नाही. चेक-इन केलेल्या बॅगा पट्ट्यावरून पुढे गेल्यावर स्वतंत्र यंत्रांतून जातात आणि त्यात पॉवर बँक दिसल्यास प्रवाशाला बॅग उघडण्यासाठी नावाने बोलावले जाते. हे बोलावणे सुरक्षा तपासणी ओलांडल्यावर आले तर पुन्हा मागे यावे लागते आणि तोवर दार बंद होण्याची वेळ येऊन ठेपते.

किती क्षमतेची पॉवर बँक चालते, हे वॅट-अवर या एककात ठरते, तर बाजारात ती मिलिअँपिअर-अवरच्या आकड्याने विकली जाते. एकातून दुसऱ्यात जाण्यासाठी मिलिअँपिअर-अवरला बॅटरीच्या व्होल्टेजने, म्हणजे सहसा ३.७ ने, गुणून १,००० ने भागावे. त्यानुसार :

- २०,००० मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक ७४ वॅट-अवरची भरते. ती विनापरवानगी हातातील बॅगेत नेता येते.
- २७,००० चा आकडा ९९.९ वॅट-अवरवर येतो, म्हणजे १०० च्या मर्यादेत जेमतेम बसतो.
- ३०,००० चा आकडा १११ वॅट-अवर होतो. १०० ते १६० वॅट-अवर या पट्ट्यातील बॅटरीसाठी विमान कंपनीची पूर्वपरवानगी लागते आणि अशा जास्तीत जास्त दोनच नेता येतात.
- १६० वॅट-अवरच्या वर प्रवाशाला सुटी बॅटरी नेताच येत नाही. नाटक, चित्रीकरण किंवा लग्नसमारंभाच्या छायाचित्रणासाठी मोठ्या दिव्यांच्या बॅटऱ्या नेणाऱ्यांनी हे आधीच तपासावे.

पॉवर बँकेवर छापलेली क्षमता पुसली गेली असेल किंवा मुळातच नसेल, तर तपासणाऱ्या जवानाला ती नाकारण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. म्हणून रस्त्यावर मिळणारी बेनावाची पॉवर बँक प्रवासासाठी घेऊच नये. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रत्येक प्रवाशाला १०० वॅट-अवरखालील एकच पॉवर बँक नेण्याची मुभा ठेवली आहे आणि विमानात तिचा वापर करण्यास मनाई केली आहे. हा कंपनीचा नियम असल्याने त्याविषयीची विचारणा कंपनीकडेच करावी.

मराठी घरातील वस्तू, ज्या हमखास अडतात

विमान कंपन्यांच्या मनाई-याद्या बहुधा आंतरराष्ट्रीय नमुन्यावरून तयार होतात आणि त्यांत आपल्या घरातील वस्तू आपल्या नावांनी सापडत नाहीत. या याद्या मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि प्रवेशद्वाराच्या बाहेर लावल्या गेल्या पाहिजेत. तोवर पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

सुके खोबरे. खोबऱ्याची वाटी ही निरुपद्रवी वाटली, तरी धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिचा समावेश आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत होतो, कारण तेलाचे प्रमाण भरपूर असलेले खोबरे बंदिस्त जागेत हळूहळू उष्णता धरते. त्यामुळे ते हातातील बॅगेत चालत नाही आणि चेक-इन सामानातही चालत नाही. देवळात प्रसाद म्हणून मिळालेला अख्खा नारळ हातातील बॅगेत नेता येत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंसाठी बीसीएएसने २०२४-२५ च्या हंगामात, २० जानेवारी २०२५ पर्यंत, जी सवलत दिली होती ती तेवढ्याच काळापुरती आणि त्याच यात्रेपुरती होती. अख्खा नारळ चेक-इन सामानात घालायचा असल्यास कंपनीला आधी विचारून घ्यावे.

कापूर, काडेपेटी, लायटर. गणपतीला किंवा सत्यनारायणाला जाताना पूजेच्या पिशवीत कापूर असतोच. तो ज्वलनशील घन पदार्थ असल्याने दोन्ही सामानांत निषिद्ध आहे. काडेपेटी व लायटर यांनाही भारतात मनाई आहे, आणि ई-सिगारेट तर २०१९ च्या कायद्याने देशातच बंद आहे. पूजेचे हे साहित्य मुक्कामी पोहोचल्यावर विकत घ्यावे.

अडकित्ता, विळी, सुरी. पानाच्या चंचीतला अडकित्ता वडीलधाऱ्यांच्या पर्समधून निघतो आणि त्याच्याशी जडलेल्या आठवणींमुळे तो सोडून देणे त्यांना फार जड जाते. अशा वस्तू निघतानाच चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवाव्यात. शिवणकामाची कात्री आणि सुटी पाती यांनाही हेच लागू होते.

तूप, आमरस, लोणचे, कोकम आगळ. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी हे सर्व द्रव किंवा लगदा या वर्गात मोडतात, म्हणजे १०० मिलिलीटरपेक्षा मोठ्या डब्यातून हातातील बॅगेत नेता येत नाहीत. देशांतर्गत उड्डाणात पाण्याच्या बाटलीला सहसा कोणी अडवत नाही, परंतु तेलकट, वाहणारे पदार्थ जवानाच्या विवेकावर अवलंबून असतात. ते घट्ट झाकणाच्या बरणीत, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून चेक-इन करणे हाच खात्रीचा मार्ग होय.

मसाले, मेतकूट, पिठे. अमेरिकेला जाणाऱ्या थेट उड्डाणांसाठी ३० जून २०१८ पासून असा दंडक आहे की हातातील बॅगेतील ३५० मिलिलीटर किंवा त्याहून अधिक आकारमानाच्या भुकटीची जादा तपासणी होऊ शकते आणि ती काय आहे याचे समाधान न झाल्यास ती नेऊ दिली जात नाही. मुलाकडे निघालेल्या आईच्या हातबॅगेतील गोडा मसाल्याचा डबा या नियमात अडकतो. तो चेक-इन बॅगेत घातला की प्रश्न मिटतो.

फेणी. गोव्याहून निघताना २४ ते ७० टक्के मद्यार्क असलेले पेय प्रत्येकी ५ लिटरपर्यंत चेक-इन सामानात नेता येते, पण ते दुकानातल्या मूळ सीलबंद बाटलीतच असावे लागते. गावातल्या भट्टीवरून पाण्याच्या बाटलीत भरून आणलेली फेणी किंवा उर्राक या अटीत बसत नाही, मग ती कितीही अस्सल असो.

कृपाण. नांदेडच्या हुजूर साहिबला येणाऱ्या शीख प्रवाशांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. भारतीय विमानतळांवरून देशांतर्गत उड्डाणात पात्याची लांबी १५.२४ सेंटिमीटर व एकूण लांबी २२.८६ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसलेली कृपाण जवळ बाळगता येते. आंतरराष्ट्रीय उड्डाणात ही मुभा नाही.

रांगेत उभे असताना

एक्स-रे यंत्राच्या पडद्यासमोर बसलेल्या जवानाला प्रत्येक बॅगेसाठी काही सेकंदच मिळतात आणि त्या वेळात त्याला बॅगेतील वस्तूंची एकावर एक पडलेली, रंगीत छाया वाचायची असते. लॅपटॉप, चार्जर आणि वायरींचा गुंता एकत्र असेल तर त्यांच्या मागे काय आहे हे दिसत नाही, आणि न दिसणारी बॅग बाजूला काढणे हेच त्याचे कर्तव्य असते. म्हणून पुढील क्रम पाळावा :

१. रांगेत शिरण्यापूर्वीच मोबाइल, किल्ल्या, नाणी, पाकीट आणि घड्याळ जॅकेटच्या किंवा बॅगेच्या चेनच्या खणात ठेवावे. मोकळ्या ट्रेमध्ये सुटे पाकीट ठेवू नये.

२. लॅपटॉप, टॅबलेट, पॉवर बँक, चार्जर आणि कॅमेरा बाहेर काढून स्वतंत्र ट्रेमध्ये एकावर एक न रचता ठेवावे. काही मोठ्या विमानतळांवर त्रिमितीय चित्र दाखवणारी नवी यंत्रे येत आहेत व तिथे लॅपटॉप आत ठेवण्यास सांगितले जाऊ शकते. समोरच्या कर्मचाऱ्याची सूचना ऐकावी.

३. ट्रे पट्ट्यावरून आत जाईपर्यंत आपण धातुशोधक चौकटीकडे वळू नये. आपण पुढे आणि सामान मागे, अशी अवस्था झाली की वस्तू गहाळ होण्याची शक्यता वाढते.

४. पलीकडे पोहोचल्यावर ट्रेची संख्या मोजून घ्यावी. विसरल्या जाणाऱ्या वस्तूंत पट्टा, घड्याळ आणि सारख्या दिसणाऱ्या राखाडी लॅपटॉपचा क्रमांक वरचा असतो. लॅपटॉपवर ओळखीची चिकटपट्टी लावून ठेवल्यास अदलाबदल टळते.

५. जिथे बोर्डिंग पासवर शिक्का मारण्याची पद्धत आहे तिथे तो पाहूनच पुढे जावे. हातातील बॅगेच्या टॅगवरचा शिक्का मुंबई, दिल्ली, बंगळूरूसह सात विमानतळांवर एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला.

तपासणीच्या जागेत छायाचित्रण करू नये. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आणि गोव्याचा दाभोळी विमानतळ नौदलाचा असल्यामुळे तिथे धावपट्टीच्या बाजूचे फोटो काढण्यावरही बंधने आहेत. बॅगेत काय आहे असे विचारल्यावर ‘बॉम्ब आहे’ असे थट्टेने म्हणणाऱ्या प्रवाशांना अटक झाल्याची उदाहरणे आहेत; त्या शब्दानंतर ती थट्टा होती की नव्हती, हे ठरवण्याची मुभा जवानाला नसते.

अंगझडती आणि प्रतिष्ठा

भारतात धातुशोधक चौकटीतून गेल्यावर प्रत्येक प्रवाशाची हातातल्या यंत्राने आणि हाताने तपासणी होते. ती शिक्षा नव्हे, तसा संशयाचाही भाग नव्हे. स्त्रियांची तपासणी स्त्री जवानच, पडदा असलेल्या बंदिस्त जागेत करते. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या यांवर यंत्राने आवाज केला तरी दागिना उतरवून ठेवावा लागतोच असे नाही. सहसा हाताने खात्री करून घेतली जाते. धातुशोधक यंत्रे चुंबकीय क्षेत्रावर चालतात, एक्स-रे केवळ सामानासाठी असतो, त्यामुळे गर्भवती स्त्रियांनी चौकटीतून जाण्यास घाबरण्याचे कारण नाही.

पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने त्याचे कार्ड हाती ठेवावे आणि जवान यंत्र अंगाजवळ आणण्यापूर्वीच तसे सांगावे, म्हणजे यंत्र छातीवर धरून न ठेवता हाताने तपासणी करता येते. गुडघ्याचे किंवा खुब्याचे कृत्रिम सांधे असलेल्यांनाही हेच लागू होते. इन्सुलिन, इंजेक्शनच्या सुया व द्रव औषधे प्रवासात लागतील तेवढी नेता येतात, मात्र डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी आणि औषधे मूळ वेष्टनात असावीत. बाळाच्या दुधालाही प्रवासाच्या गरजेपुरती सवलत असते.

कृत्रिम हात किंवा पाय वापरणाऱ्यांच्या वाट्याला आलेली वागणूक मात्र दीर्घकाळ लाजिरवाणी राहिली आहे. नृत्यांगना व अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये, प्रत्येक प्रवासात आपल्याला कृत्रिम पाय काढायला लावला जातो, ही व्यथा जाहीरपणे मांडली आणि सीआयएसएफने त्यांची माफी मागितली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांग प्रवाशांना कृत्रिम अवयव काढण्यास सांगितले जाऊ नये आणि त्यांना संमतीविना उचलले जाऊ नये, असे मत नोंदवले. ज्या प्रवाशाने आयुष्यभर कष्टाने स्वतःच्या पायावर उभे राहणे साध्य केले आहे, त्याला परक्यांच्या गर्दीत तो पाय काढून दाखवायला लावणे सुरक्षेच्या कोणत्याही गरजेने समर्थनीय ठरत नाही, कारण स्फोटकांचे कण ओळखणाऱ्या यंत्राने तीच खात्री अवयव जागेवर असतानाही करता येते. म्हणून अशा प्रवाशांनी, किंवा त्यांच्या सोबत्यांनी, तपासणीच्या सुरुवातीलाच पुढील तीन गोष्टी स्पष्टपणे सांगाव्यात :

- तपासणी स्वतंत्र, आडोशाच्या जागेत व्हावी.
- अवयव न काढता स्फोटक-कण चाचणी घ्यावी.
- याउपर काही करावयाचे झाल्यास पाळीप्रमुखाला बोलवावे.

‘पाळीप्रमुखाला बोलवा’ ही मागणी शांतपणे केली तर सहसा नाकारली जात नाही, आणि ती कोणत्याही प्रवाशाला करता येते.

बॅग बाजूला काढली गेल्यास

बॅग बाजूला काढली गेली की ती आपल्या समोर उघडली जावी, ही अपेक्षा रास्त आहे. म्हणून तिच्याजवळ जाऊन उभे राहावे, पण सांगितल्याशिवाय तिला हात लावू नये. जवान एक पट्टी बॅगेवर आणि कधी हातांवर फिरवून यंत्रात घालतो. हे यंत्र स्फोटकांतील रसायनांचे सूक्ष्म कण शोधते आणि हातांना लावण्याच्या काही मलमांतील ग्लिसरीन, हृदयविकारावरील नायट्रोग्लिसरीनची गोळी किंवा नायट्रेटयुक्त खत यांचे अंशही त्याला सापडू शकतात. शेतावरून थेट विमानतळावर येणाऱ्याने हात नीट धुऊन यावे, आणि यंत्राने इशारा दिलाच तर आपण कोणते औषध घेतो व कोणते काम करून आलो, हे सरळ सांगावे.

एखादी वस्तू नाकारली गेल्यास प्रवाशासमोर साधारण तीन पर्याय असतात : वेळ असेल तर परत जाऊन ती चेक-इन करणे, बाहेर थांबलेल्या नातेवाइकाकडे देणे, किंवा ती सोडून देणे. पहिल्या दोन पर्यायांसाठी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याची मदत लागते आणि देशांतर्गत काउंटर सामान्यतः उड्डाणापूर्वी ६० मिनिटे बंद होत असल्याने, मौल्यवान वस्तू वाचवायची असेल तर मुळात वेळ हाताशी ठेवूनच यावे लागते. सोडून दिलेली वस्तू नंतर परत मिळेल, अशी आशा धरू नये.

मोठी रोकड किंवा सोने बाळगणे हा सुरक्षेच्या दृष्टीने गुन्हा नसला, तरी ते दिसल्यावर प्राप्तिकर विभागाला कळवले जाऊ शकते. व्यापाऱ्यांनी बिले, बँकेतून पैसे काढल्याची नोंद आणि मालाची कागदपत्रे सोबत ठेवावीत, विशेषतः निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना.

डिजियात्रा आणि इतर सवलतींविषयीचे गैरसमज

डिजियात्रा ही चेहरा ओळखून प्रवेश देणारी व्यवस्था १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळूरू व वाराणसी येथे सुरू झाली आणि नंतर पुणे, मुंबईसह इतरत्र पोहोचली. तिच्यामुळे प्रवेशद्वारावरचे कागद दाखवणे टळते. अंगझडती व सामानाची तपासणी पूर्वीसारखीच होते. ती ऐच्छिक आहे. विमानतळाच्या यंत्रणेतील माहिती उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते असे सरकारने सांगितले आहे, तरीही ज्यांना आपला चेहरा नोंदवू द्यायचा नसेल त्यांनी ओळखपत्र दाखवून नेहमीच्या दारातून जावे, आणि दारावर उभा असलेला मदतनीस न विचारता फोटो काढू लागल्यास स्पष्ट नकार द्यावा.

वारंवार परदेशी जाणाऱ्यांसाठीची ‘ट्रस्टेड ट्रॅव्हलर’ योजना जून २०२४ मध्ये दिल्लीत व जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर सुरू झाली. ती इमिग्रेशनची रांग वाचवते. सुरक्षा तपासणीत तिचा काहीही उपयोग नाही.

परदेशातून येता-जाता

२००६ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट उघडकीस आल्यानंतर १०० मिलिलीटरचा नियम जगभर आला. मर्यादा बाटलीच्या क्षमतेवर असते. २०० मिलिलीटरच्या बाटलीत तळाशी थोडेच तेल उरले असले तरी ती बाटली चालत नाही. ड्यूटी-फ्री दुकानातील अत्तर किंवा मद्य सीलबंद पारदर्शक पिशवीत पावतीसह मिळते. पुढे विमान बदलायचे असल्यास ती पिशवी मुक्कामी पोहोचेपर्यंत फोडू नये, कारण मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी होते.

अमेरिकेच्या प्रवासात बोर्डिंग पासवर एस हे अक्षर चार वेळा छापून आले तर जादा तपासणीसाठी निवड झाली असे समजावे आणि दाराशी लवकर पोहोचावे. हे वारंवार घडत असेल, विशेषतः नामसाधर्म्यामुळे, तर अमेरिकी गृहसुरक्षा विभागाकडे निवारणाचा अर्ज करून मिळणारा क्रमांक पुढील तिकिटांवर नोंदवता येतो.

परदेशातून ट्रेकिंगसाठी येणाऱ्या नातेवाइकांना एक सूचना अवश्य द्यावी. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे फोन व उपकरणे, यांत थुराया, इरिडियम आणि गिर्यारोहकांकडे असणारे गार्मिन इनरीचही आले, भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीविना बाळगणे बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असे उपकरण सापडल्याने परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली. इतर देशांत हे जीव वाचवणारे साधन म्हणून खुलेपणाने विकले जाते, त्यामुळे ते बॅगेत आहे हे कोणी लपवतही नाही आणि प्रवासी थेट पोलीस ठाण्यात पोहोचतो.

तक्रार कोठे करावी

वस्तू हरवली असेल तर विमानतळ सोडण्यापूर्वीच तिथल्या सीआयएसएफच्या पाळीप्रमुखाकडे रांगेचा क्रमांक व वेळ सांगून नोंद करावी, कारण कॅमेऱ्यांचे चित्रण मर्यादित काळच जपले जाते. सापडलेल्या वस्तूंची यादी सीआयएसएफच्या संकेतस्थळावर दिली जाते. विमान कंपनी किंवा विमानतळाविषयीची तक्रार नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या व्यवस्थेवर करता येते, आणि जवानाच्या वर्तनाची तक्रार केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार निवारण संकेतस्थळावर गृहमंत्रालयाच्या नावे करावी. तक्रारीत तारीख, वेळ, टर्मिनल, रांग आणि उड्डाणाचा क्रमांक या पाच गोष्टी असाव्यात. गणवेशावरील नावपट्टी वाचता आली असेल तर ते नावही लिहावे.

माहिती अधिकाराचा अर्ज करण्याचा विचार असेल तर एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. सीआयएसएफ हे दल माहिती अधिकार अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत असल्याने त्याला सर्वसाधारण माहिती देण्यापासून सूट आहे; परंतु भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन या दोन बाबींना कलम २४ मधील ती सूट लागू होत नाही. त्यामुळे तपासणीत अवमान झाल्याची तक्रार असेल, तर अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात हा मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा प्रश्न असल्याचे आणि माहिती त्याच अपवादाखाली मागितली जात असल्याचे नमूद करावे.